टिप्याच्या घरातली शांतता

‘स्वभावाने आक्रमक. माणसाची सवय होणे शक्य नाही.’

प्राणी-निवाऱ्याच्या मागच्या खोलीत, खालच्या फळीवरच्या पिंजऱ्याला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर हे विधान ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते आणि त्याखाली गोल शिक्का होता. शिक्का उमटला की विधानाला पुरावा लागत नाही, ही समजूत जगातल्या सगळ्या कचेऱ्यांत गुण्यागोविंदाने नांदते. ताईंच्या घरी मात्र तिला कधी पाट मांडला गेला नव्हता. ताईंचे सारे आयुष्य शब्दकोशाच्या कचेरीत गेले होते. ज्या अर्थाला वापराचा दाखला नाही तो अर्थ कोशात जात नाही, या एका नियमावर त्यांनी कित्येक विद्वानांना रडकुंडीला आणले होते. निवृत्तीनंतरही कोशाच्या पुरवणीची प्रुफे घरी येत, आणि ताईंचा राग पूर्वीइतकाच थंड होता. त्या कधी आवाज चढवत नसत. प्रश्न विचारत.

“आक्रमक म्हणजे काय हो?” त्यांनी निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला विचारले.

व्यवस्थापक थकलेला, सज्जन माणूस होता. त्याच्या सदऱ्याच्या बाहीत गवताच्या काड्या अडकलेल्या होत्या. “चावतो,” तो म्हणाला.

“कोणाला चावला?”

“मला.”

“कुठे?”

“हे बघा, इथं. अंगठ्याला.”

“अंगठा दिसतोय मला. तुम्ही तेव्हा कुठे होतात, ते विचारतेय.”

“इथंच. पिंजऱ्यातून काढत होतो त्याला.”

“म्हणजे तुमचा हात त्याच्या घरात होता.”

“हो, पण—”

“वरून घातलात?”

“दार वरच आहे ना बाई पिंजऱ्याला.”

“त्याचे पूर्वज उघड्या माळावर राहायचे. आकाशातून जे खाली यायचं ते घार नाहीतर ससाणा असायचं,” ताई म्हणाल्या. “मग मला सांगा, या प्रकरणात चढाई कोणी केली?”

व्यवस्थापकाने अंगठा खिशात घातला.

राहिले दुसरे वाक्य. हा प्राणी दोन घरांतून परत आला होता. पहिल्या घरी मुलांना पळणारे खेळणे हवे होते, दुसऱ्या घरी सोफ्याला शोभेसे काहीतरी हवे होते. तो दोन्हीकडे कोपऱ्यात बसून राहिला. एवढ्या सामग्रीवर ‘शक्य नाही’ हा निष्कर्ष काढायला जे धाडस लागते ते तर्कशास्त्राच्या मोठमोठ्या आचार्यांकडेही नसते. “दोन घरं बघून आलेल्या माणसाला आपण अनुभवी म्हणतो,” ताई म्हणाल्या. “याला तुम्ही अशक्य म्हणता. नेते मी याला.”

व्यवस्थापकाने अट घातली, आणि ती रास्त होती. महिनाभराने तो स्वतः घरी येईल. प्राण्याने माणसाच्या हातून खाल्ले तर तो ताईंचा. एवढेच नव्हे, तर त्याला सोबत म्हणून दुसराही एक मिळेल, कारण ही जात कळपात राहणारी, एकट्याने झुरते. हातून खाल्ले नाही तर मात्र तो परत येईल आणि पुन्हा कोणालाही दिला जाणार नाही. मागच्या खोलीतली खालची फळी हाच त्याचा कायमचा पत्ता.

“आणि तो शेरा?” ताईंनी पुठ्ठ्याकडे बोट केले.

“खाल्लं तर खोडतो. माझ्या हातानं खोडतो.”

अशा रीतीने एक गिनीपिग ताईंच्या घरी आला. करड्या-पांढऱ्या अंगाचा, पाठीवर केसांचे दोन भोवरे असलेला, कान पाकळ्यांसारखे. गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशी तर नाहीच. दोन शब्दांत दोन असत्ये कोंबणारे हे नाव ताईंना सहन होणे शक्यच नव्हते. घरी येताच तो पुस्तकांच्या कपाटाखाली, अगदी तळाशी जाऊन बसला, म्हणून त्यांनी त्याचे नाव ‘तळटीप’ ठेवले.

“तळटीप!” त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. “हाक मारायची म्हटली तर निम्मी होईस्तोवर तो कपाटाखाली. टिप्या म्हण.”

भाऊ म्हणजे बातम्यावाले. वहिनी गेल्यापासून ते ताईंकडेच राहत. त्यांनी अर्धे आयुष्य रेडिओवर बातम्या दिल्या होत्या, आणि निवृत्तीच्या दिवशी मायक्रोफोन परत केला तरी आवाज परत केला नव्हता. ते मीठ मागत तेव्हाही वाटे की कुठेतरी मिठाची आणीबाणी जाहीर झाली आहे. त्या आवाजाला ताईंनी काम लावून दिले होते. रोज दुपारच्या चहानंतर दोघे समोरासमोर बसत. भाऊ प्रुफे मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट. ताई मूळ हस्तलिखितावर पट्टी सरकवत ताडून पाहत. ‘अंजन, नाम, नपुंसकलिंग, स्वल्पविराम.’ रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला वाटावे की घरात कोणी तरी व्याकरणाला शिक्षा सुनावत आहे.

टिप्या आला आणि हा रिवाज बंद झाला.

ताईंनी तयारी कशी केली म्हणाल तर अभ्यासूने करावी तशीच. गिनीपिगांवरची मिळतील ती पुस्तके त्यांनी वाचून काढली, मतभेद समासात टिपून ठेवले. बैठकीच्या खोलीतला खिडकीकडचा कोपरा त्याला दिला. उंच पिंजरा नको, जमिनीवरच बुटके कुंपण. खाली मऊ पांघरूण. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारे कापली, कारण एका दाराच्या घराला टिप्याची जात सापळा समजते. सुक्या गवताचा ढीग, पाण्याची बाटली, रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कारण माणसाप्रमाणे यालाही ‘क’ जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. वरून हात घालायचा नाही. उचलायचे नाही. पाठलाग करायचा नाही. कुंपणाजवळ जमिनीवर बसायचे, तळहात उताणा ठेवायचा आणि वाट पाहायची.

यात एक अक्षर चुकीचे नव्हते. चूक पुढच्या कलमात होती, आणि ती अशी होती की फक्त ग्रंथालयात वाढलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. ताईंनी घरात शांतता लागू केली.

भीतीवर शांततेसारखे औषध नाही, हे त्यांना इतके उघड वाटले की त्याला दाखला शोधण्याची गरजही भासली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा टोल बंद झाला. दारांच्या बिजागऱ्यांत तेल पडले. घंटीवर कागद चिकटला: ‘हळू ठोठावा.’ चपला दाराबाहेर गेल्या, आत पायमोजे आले. आणि प्रुफे?

“आता काही दिवस आपण मनात वाचू,” ताई कुजबुजल्या.

“मनात?” भाऊ कुजबुजले. त्यांची कुजबुजही शेवटच्या बाकापर्यंत जायची. “मनात वाचून ताडायचं कसं?”

“मी एकटी ताडेन. तू आराम कर.”

आराम या शब्दाचा भाऊंनी काय अर्थ घेतला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. पण ताईंचे लक्ष खोक्याकडे होते.

खोक्यात टिप्या थिजून बसला होता. ताई पाय न वाजवता आल्या की तो थिजे. त्या श्वास आवरून बसल्या की आणखी थिजे. तळहातावरची कोथिंबीर सुकून जाई. ताई उठून गेल्या, दार लागले, की मग मागून गवत चावल्याचा बारीक कुरकुर आवाज येई. त्या परतल्या की तो आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबे. ताईंनी विचार केला आणि विद्वान माणसे करतात तेच केले: जो उपाय लागू पडत नव्हता तो दुप्पट केला. ताटाखाली फडके आले. नळाची धार बारीक झाली. भाऊंना शिंक आली तर त्यांनी न्हाणीघरात जावे असे ठरले.

एकदा शेजारीण दाराशी आली. तिने हळू ठोठावले, आणि ताईंनी त्याहून हळू दार उघडले.

“ताई, घरात कोणी फार आजारी आहे का हो?” तिने पदर तोंडाशी धरून विचारले.

“नाही. का?”

“भाऊंचा आवाज नाही कित्येक दिवसांत. आमच्याकडे सासूबाईंचं घड्याळ त्यांच्या वाचण्यावर चालायचं. ते बसले की त्या चहा मागायच्या. आता कधीही मागतात.”

“आमच्याकडे एक नवीन प्राणी आलाय. त्याला शांतता हवी.”

“कोण म्हणालं?”

आयुष्यभर ज्या प्रश्नावर त्यांनी इतरांना टांगले तो प्रश्न शेजारणीच्या तोंडी आला म्हणून तो त्यांना प्रश्नच वाटला नाही.

तरीही, महिना सरत आला तशी, काही तरी बदलू लागले. ताई आठवड्यातून काही दुपारी ग्रंथालयात जात. परतून आल्या की खोक्याबाहेर पांघरुणावर गवताच्या काड्या पसरलेल्या दिसत. म्हणजे तो बाहेर येऊन, निवांत बसून खात होता. एकदा तर त्या दारात असतानाच तो लाही फुटावी तसा जागच्या जागी उडाला, हवेत अंग फिरवले आणि खाली पडला. आनंदाने गिनीपिग असा उडतो हे त्यांनी वाचले होते. त्या दारातच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या कोरड्या मनात इतके ओले काही तरी दाटून आले की त्यांना चष्मा पुसावा लागला. शांतता फळाला आली, असे त्यांनी ठरवले. भाऊ खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते, मनात, अगदी शहाण्या मुलासारखे. खिडकी बंद होती.

“उकडत नाही का रे?” ताई कुजबुजल्या.

भाऊंनी मान हलवली. हल्ली ते मानेनेच बोलत.

मात्र ताईंच्या हातून टिप्या अजून खात नव्हता. जवळ येई, मान लांब करी, नाक थरथरवी, आणि त्या श्वास रोखून अगदी पुतळा झाल्या की तोही पुतळा होई. मग सरकन खोक्यात.

व्यवस्थापक ठरल्याप्रमाणे आला. हळू ठोठावले, चपला बाहेर काढल्या, आणि घरातली ती शांतता अंगावर येताच त्यानेही आपोआप आवाज खाली नेला. पिशवीतून त्याने तोच पुठ्ठा काढून मांडीवर ठेवला. टिप्याच्या सोबतीला देण्याजोगा दुसरा प्राणी तिकडे निवडून ठेवला आहे, असे तो म्हणाला; तेवढ्याने ताईंच्या तोंडचे पाणी पळाले, कारण आशा आता एकाऐवजी दोघांची होती.

ताई जमिनीवर बसल्या. तळहात उताणा. त्यावर कोथिंबिरीची काडी. व्यवस्थापक स्टुलावर, भाऊ खुर्चीत. कोणी हलेना.

खोक्याच्या दारात नाक दिसले. मग नाक दिसेनासे झाले.

“घाबरलाय,” व्यवस्थापक कुजबुजला.

“थांबा.”

ते थांबले. शांतता अशी की पांघरुणावर काडी पडली तर ऐकू यावी. ताईंच्या हाताला रग लागली होती, काडीचे टोक लवले होते. कपाटाखाली दडलेला, दोन घरांनी नाकारलेला हा जीव आता पुन्हा त्या फळीवर जाणार, आणि तो शिक्का खरा ठरणार. बाकी काहीही सोसेल, पण हे शेवटचे सोसवणार नाही, असे त्यांनी कालपर्यंत मानले असते. आज त्यांना कळले की शिक्क्याचे त्यांना काही नाही. त्यांना टिप्या हवा होता.

“बाई,” व्यवस्थापक अगदी मऊपणे म्हणाला, “काही काही जनावरं असतात अशी. तुमचा दोष नाही.” आणि त्याने बरोबर आणलेल्या पिंजऱ्याच्या पेटीकडे हात नेला.

तेव्हा भाऊंनी घसा खाकरला.

मुद्दाम नव्हे. अवघड क्षणी घसा खाकरणे ही त्यांच्या धंद्याची सवय. बातमी वाईट असली की मायक्रोफोनपासून तोंड वळवून ते तसे करत. पण महिनाभर दाबून ठेवलेली ती खाकर खोलीत अशी घुमली की व्यवस्थापक दचकला. ताई दचकल्या.

टिप्या दचकला नाही. खोक्यातून ‘कुईं’ असा लांबलचक, चढत जाणारा आवाज आला. मग तो स्वतः आला. ताईंच्या हाताला वळसा घालून, कुंपणाच्या उघड्या तोंडातून बाहेर पडून, गालिचावरून तो सरळ भाऊंच्या पायापाशी गेला, त्यांच्या पायमोज्यावर पुढचे दोन पाय ठेवले आणि वर तोंड करून पुन्हा ओरडला: ‘कुईं.’ चहाला उशीर झाल्याची तक्रार करणाऱ्या सासूबाईंचा स्वर याहून वेगळा नसावा.

भाऊ कानापर्यंत लाल झाले होते.

“अरे,” ताई म्हणाल्या. महिन्यात पहिल्यांदाच त्या पूर्ण आवाजात बोलल्या. “हे काय आहे?”

भाऊंनी खिशात हात घातला. तिथून कोथिंबीर निघाली, चुरगळलेली. टिप्याने ती त्यांच्या बोटांतून ओढून घेतली आणि त्यांच्या पायावर बसूनच चावायला सुरुवात केली. व्यवस्थापकाने स्टूल पुढे ओढले. स्टूल कर्कश वाजले. टिप्याने एक कान हलवला आणि खात राहिला.

ताईंना त्या क्षणी एक वाक्य आठवले. धोका जाणवताच सगळा कळप एकदम गप्प होतो आणि स्तब्ध राहतो, असे एका पुस्तकात होते. त्यांनी ते वाचले होते. पेन्सिलीने अधोरेखित केले होते. त्यातला एक स्वल्पविराम चुकला होता, तो दुरुस्तही केला होता. आणि मग त्या उठून घड्याळाचा टोल बंद करायला गेल्या होत्या. महिनाभर या घरातली दोन मोठी जनावरे जागच्या जागी थिजून त्या लहान जनावराला सांगत राहिली होती की ससाणा अगदी डोक्यावर आहे.

त्यांनी हे व्यवस्थापकाला सांगितले. लपवले नाही, गोडही केले नाही. दाखल्याशिवाय अर्थ दिला हा दोष त्यांनी ज्या थंडपणे इतरांच्या पदरी घातला असता त्याच थंडपणे स्वतःच्या पदरी घातला. मग ताटलीतली काकडीची एक फोड तळहातावर घेऊन, जमिनीवर नीट बसून भाऊंकडे पाहत, नेहमीच्या खणखणीत आवाजात, म्हणाल्या, “टिप्या, इकडे ये. बघू तरी तुला काय काय शिकवलंय यानं. काकडी, नाम, स्त्रीलिंग. खाणार का?”

टिप्याने खाणे थांबवून ऐकले. या बाईला आवाज आहे, ही बातमी त्याला नवी होती. तो आला, सावकाश, मान लांब करत, पोट जमिनीला लावून. ताई बोलतच राहिल्या, काकडीची व्युत्पत्ती, तिचे उपयोग, तिच्याविषयीचे गैरसमज. त्याने तळहातावरची फोड हुंगली आणि तिथेच, त्यांच्या अंगठ्याला हनुवटी टेकवून, खाल्ली. त्याच्या ओठांचा स्पर्श ओल्या कापसासारखा होता.

व्यवस्थापकाने पेन काढले. शब्द दिला होता तसे, स्वतःच्या हाताने, आधी ‘आक्रमक’ खोडले, मग ‘शक्य नाही’ खोडले. “दुसरा उद्याच आणतो,” तो म्हणाला. मग डोके खाजवले. “पण बाई, शेरा बदलला की कारण लिहावं लागतं आम्हाला. काय लिहू?”

“कारण हा सांगेल,” ताई म्हणाल्या आणि भाऊंकडे वळल्या. “सांग. माझ्या घरात, माझ्या नियमाविरुद्ध, काय चाललं होतं?”

“ताई, जाऊ दे ना.”

“खिडकी का बंद असायची?”

“आवाज शेजारी जाऊ नये म्हणून.”

“हां. आता सुरुवातीपासून सांग. आणि तुम्ही,” हे व्यवस्थापकाला, “मथितार्थ लिहू नका. हा बोलेल ते शब्दशः उतरवा.”

भाऊंनी टिप्याकडे पाहिले, खुर्चीत ताठ बसले, आणि ज्या आवाजात त्यांनी कधी काळी निवडणुकांचे निकाल दिले होते त्याच आवाजात कबुली दिली. व्यवस्थापकाने ती जशीच्या तशी लिहून घेतली:

“मी वाचत होतो. ताई ग्रंथालयात गेली की खिडकी लावून घ्यायचो आणि आधी त्या दिवसाच्या बातम्या वाचायचो, मग तिची प्रुफं, विरामचिन्हांसकट. टिप्यासाठी म्हणून नव्हतं ते, खोटं कशाला बोलू. या घरात कोणी बोलेना, आणि बायको गेली त्यानंतरचे दिवस मला पुन्हा आठवायला लागले, म्हणून वाचत होतो. तो आपण होऊन बाहेर आला आणि ऐकत बसला. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ताई इतक्या मनापासून चवड्यांवर चालत होती की मला धीर झाला नाही. कोथिंबीर मीच देत होतो, आणि ठरल्यापेक्षा जास्त देत होतो. हवामानाचा अंदाज त्याला विशेष आवडतो.”